लिव्हर देणाऱ्याची फॅटी लिव्हर तपासणी: क्रम कोणता, आणि कुठे चुकतं

इंदुरात घरातल्या कुणाचं लिव्हर बदलायची वेळ आली की दाता नक्की व्हायच्या आधीच कोपऱ्यावरच्या सेंटरमध्ये सोनोग्राफी उरकली जाते. रिपोर्टात 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असं आलं की एक तर सगळं घर हातपाय गाळून बसतं, नाही तर 'आजकाल सगळ्यांनाच असतं' म्हणून तो कागद फायलीत मागे जातो. दोन्ही चूकच. त्या एका ओळीवरून दाता बाद होत नाही आणि पासही होत नाही.

खरा गोंधळ वेगळाच आहे. लिव्हरमधली चरबी चार-पाच पद्धतींनी मोजतात आणि प्रत्येकीचा आकडा स्वतंत्र असतो: सोनोग्राफीची ग्रेड, फायब्रोस्कॅनचा (पोटावरून कंपनं सोडून लिव्हर तपासणाऱ्या यंत्राचा) कॅप, सीटीचे हाउन्सफील्ड युनिट (फोटोतल्या उजळपणाचं माप), एमआरआयचे टक्के, बायोप्सीचे (सुईनं काढलेल्या लिव्हरच्या तुकड्याचे) टक्के. एकीचा आकडा दुसरीच्या पट्टीवर ठेवला की निर्णय चुकतो. म्हणून खालचा क्रम पाळा आणि प्रत्येक टप्प्याचा आकडा त्याच टप्प्याच्या मापानं वाचा.

चरबीला एवढं महत्त्व का, ते थोडक्यात. उजवा भाग काढला तर दात्याकडे साधारण ३५ ते ४० टक्के लिव्हर उरतं, आणि तेवढ्यावर त्याला वाढ होईपर्यंत निभवायचं असतं. चरबीनं भरलेलं लिव्हर कमी जोमानं वाढतं. रुग्णात बसवलेला भागही रक्तपुरवठा तुटल्याचा आणि थंडीत ठेवल्याचा ताण कमी सोसतो. धोका असा दोघांनाही असतो.

## टप्पा १: मशीनच्या आधीचं घरचं काम

नातं तपासा. कायद्याप्रमाणे जवळच्या नात्यात पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं येतात. सून, जावई, दीर, वहिनी, मामा, मावशी यांची नावं त्यात नाहीत. त्यांना अधिकृत समितीची परवानगी लागते. हे माहीत नसल्यामुळे जावयाचे सगळे स्कॅन होतात आणि मग कागदपत्रं अडतात. घरात दोन-तीन इच्छुक असतील तर आधी रक्तगट पाहा, मग नातं, आणि त्यानंतर स्कॅनचा खर्च.

बीएमआय काढा. वजन किलोत घ्या आणि उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गानं भागा. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो असेल तर उत्तर ३०.१ येतं. आपल्याकडच्या निकषांत २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. ३० च्या वरच्या दात्याबाबत प्रत्यारोपण करणाऱ्या बहुतेक टीम हात आखडता घेतात. पण बारीक माणसाचं लिव्हर स्वच्छच असतं हे खरं नाही. पोट सुटलेला, हातपाय काटकुळे असलेला माणूस आपल्याकडे काही कमी नाही.

रक्ततपासण्या एका कागदावर आणा. एसजीपीटी, एसजीओटी (लिव्हरची एन्झाइम), साखर आणि एचबीए१सी, लिपिड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिपॅटायटिस बी आणि सी. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून चरबी नाही असं धरू नका. चरबी भरपूर असूनही ते नॉर्मल राहू शकतं.

औषधं लिहून ठेवा. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, व्हॅल्प्रोएट यांनी लिव्हरमध्ये चरबी साठू शकते. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं अमिओडॅरोन सीटीत लिव्हर जास्त उजळ दाखवतं, त्यामुळे चरबी झाकली जाते. वारंवार रक्त चढवल्यामुळे साठलेलं लोहही तेच करतं.

दारूबद्दल खरं सांगा. सासरेबुवा खोलीत बसले असताना कुणी खरं सांगत नाही, हे मान्य. म्हणून दात्यानं डॉक्टरांशी एकट्यानं बोलायची वेळ मागून घ्यावी. तो त्याचा हक्क आहे, आणि द्यायचं नसेल तर तेही तिथेच सांगता येतं.

> इशारा: पहिल्या स्कॅनआधी आठवडाभर उपाशी राहून 'लिव्हर साफ' करायला जाऊ नका. कडक उपासमारीत चरबीचा आकडा काही दिवसांत खाली येऊ शकतो, पण जेवण पूर्ववत झालं की तो परत चढतो. टीमला तुमचं रोजचं लिव्हर पाहायचं असतं.

## टप्पा २: सोनोग्राफी, फक्त चाळणी म्हणून

सहा ते आठ तास रिकाम्या पोटी जा. पाणी चालतं, दुधाचा चहा चालत नाही. एकादशी धरून साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असेल तर ते पोट रिकामं धरलं जात नाही. पोटात वायू झाला की लिव्हरचा मागचा भाग दिसत नाही, आणि खाल्ल्यावर पित्ताशय आकसून जातं.

सोनोग्राफीत लिव्हरची चमक उजव्या मूत्रपिंडाच्या चमकेशी ताडून पाहतात. लिव्हर जास्त पांढरं दिसलं तर ग्रेड १, आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर ग्रेड २, लिव्हरमागचा श्वासाचा पडदा (डायफ्रॅम) दिसेनासा झाला तर ग्रेड ३. हा नजरेचा अंदाज आहे, त्यामुळे दोन डॉक्टर दोन ग्रेड देऊ शकतात. शिवाय चरबी साधारण २० ते ३० टक्के पेशींच्या खाली असेल तर सोनोग्राफी ती हमखास पकडेल असं नाही, आणि दात्याच्या बाबतीत नेमका तोच पट्टा महत्त्वाचा असतो.

म्हणून ग्रेड २ किंवा ३ आली तर पुढचा खर्च थांबवून आधी टीमशी बोला. नॉर्मल किंवा ग्रेड १ आली तर पुढे चला. 'ग्रेड १ म्हणजे १० टक्के' असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

## टप्पा ३: फायब्रोस्कॅन

इथे दोन आकडे मिळतात. लिव्हरचा कडकपणा किलोपास्कलमध्ये आणि चरबीचा कॅप. कॅपची पट्टी १०० ते ४०० आहे आणि त्याला टक्के नसतात. साधारण २५० च्या खाली असेल तर चरबीची शक्यता कमी. वरच्या रेषा मात्र अभ्यासागणिक बदलतात, म्हणून २६० आणि २७५ मधला फरक घरात बसून कुटू नका.

तीन तास आधीपासून काही खाऊ नका, कारण जेवणानंतर कडकपणा खोटा वाढतो. रिपोर्टात तीन गोष्टी पाहा: किमान दहा वैध मोजण्या, कडकपणाचा आयक्यूआर (मोजण्यांमधला फैलाव) मध्यकाच्या, म्हणजे मीडियनच्या, ३० टक्क्यांच्या आत, आणि प्रोब (अंगावर टेकवायचं टोक) एम की एक्सएल. पोटाच्या जाड माणसाला एम प्रोब लावला तर आकडा भरवशाचा राहत नाही.

या तपासणीचं दात्यासाठी मोल चरबीपेक्षा कडकपणात जास्त आहे. चरबीसोबत लिव्हर कडक लागलं तर सूज किंवा व्रण (फायब्रोसिस) असण्याचा संशय येतो. मग प्रश्न नुसत्या वजनाचा उरत नाही.

## टप्पा ४: सीटी. साधे फोटो आधी, कॉन्ट्रास्ट नंतर

दात्याचा सीटी मुख्यतः रक्तवाहिन्यांचा नकाशा काढायला आणि लिव्हरचं आकारमान मोजायला करतात, आणि त्यासाठी कॉन्ट्रास्टचं (रक्तवाहिन्या उजळ दाखवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन लागतंच. चरबी मात्र इंजेक्शनच्या आधी काढलेल्या साध्या फोटोंवर मोजतात. बाहेरच्या सेंटरमध्ये सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. किरणं वाचवायची म्हणून साधे फोटो गाळले जातात आणि सरळ तीन फेजचा, म्हणजे इंजेक्शननंतर तीन वेळांचा, स्कॅन होतो. मग चरबीचा आकडा मिळत नाही, आणि मिळाला तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही. इंजेक्शननंतर प्लीहा, म्हणजे रिपोर्टातलं स्प्लीन, लिव्हरपेक्षा आधी आणि जास्त उजळतं. त्या घटकेला वजाबाकी केली तर धडधाकट माणसाचंही लिव्हर फॅटी ठरेल.

### आधीची तयारी

- क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट.
- पूर्वी कॉन्ट्रास्टनं पुरळ, दम किंवा उलटी झाली असेल तर ते आधीच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको.
- मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर विचारा.
- स्त्री दात्यानं पाळीची तारीख सांगावी. शंका असेल तर आधी गर्भचाचणी.
- चार तास खाणं बंद, पाणी सेंटरच्या सूचनेप्रमाणे.

### मोजमाप कसं होतं

स्क्रीनवर लिव्हरच्या साध्या फोटोत छोटे गोल ठेवतात. प्रत्येक गोलात एक आकडा उमटतो. निरोगी लिव्हर साधारण ५० ते ६५ युनिट आणि प्लीहा त्याहून आठ-दहानं कमी. चरबी वाढली की लिव्हरचा आकडा घसरतो, प्लीहेचा जागच्या जागी राहतो. लिव्हरच्या सरासरीतून प्लीहेची सरासरी वजा करतात.

| लिव्हर | प्लीहा | फरक | साधारण अर्थ |
|---|---|---|---|
| ५८ | ५० | +८ | फरक ५ च्या वर: चरबी नगण्य |
| ४७ | ५२ | −५ | ५ ते −१० मध्ये: हलकी ते मध्यम, पुढे तपासा |
| ३६ | ५० | −१४ | −१० च्या खाली: ३० टक्क्यांहून जास्त चरबीचा संशय |

नुसत्या लिव्हरचा आकडा ४० च्या खाली असेल तरी तोच संशय येतो. चरबी फारच असेल तर ती मोजायच्या आधीच नजरेला दिसते. इंजेक्शन दिलेलंच नसताना लिव्हरमधल्या शिरा आजूबाजूच्या पेशींपेक्षा उजळ दिसतात. शिरांमधलं रक्त नेहमीसारखंच असतं, भोवतीचं लिव्हर काळवंडलेलं असतं.

### या मोजणीत काय बिघडतं

एकच गोल ठेवून काम उरकणं ही पहिली चूक. चरबी सगळीकडे सारखी पसरत नाही. पित्ताशयाच्या खाचेजवळ आणि मधल्या बंधाजवळ ती एखादा कोपरा सोडून देते किंवा तिथेच जास्त साठते. तिथला एक गोल सगळ्या लिव्हरबद्दल खोटं सांगेल. उजवा आणि डावा दोन्ही भाग, वर-खाली, शिरा आणि कडा टाळून गोल हवेत. प्लीहेतही दोन-तीन हवेत.

दुसरी चूक व्होल्टेजची. वरच्या रेषा १२० किलोव्होल्टवर ठरलेल्या आहेत. मात्रा कमी ठेवण्यासाठी हल्ली १०० वर किंवा ८० वरही स्कॅन करतात आणि तिथे चरबीचा आकडा बदलतो. तिसरी चूक हातांची. दोन्ही हात डोक्यावर नसले तर त्यांच्या सावल्यांचे पट्टे लिव्हरवर पडतात आणि आकडे वाकडे येतात.

> तपासून घ्या: सेंटरमधून निघताना फिल्म नको, सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा, आणि त्यात साध्या फेजचे फोटो आहेत ना, ते काउंटरवरच विचारा. फिल्मवर गोल ठेवता येत नाही. इंदूरहून मुंबई, अहमदाबाद किंवा दिल्लीच्या टीमकडे जाणार असाल तर मूळ डिजिटल फोटोंशिवाय गेलेल्यांना तिथे पुन्हा सीटी करावा लागतो. पैसे तर जातातच, किरणंही दुप्पट होतात.

## टप्पा ५: एमआरआय. इथले टक्के नीट समजून घ्या

सध्या सुईशिवाय चरबी मोजायची सर्वांत भरवशाची पद्धत ही आहे. पण चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ॲब्डॉमेन' किंवा 'एमआरसीपी' लिहिलं तर हा आकडा मिळेलच असं नाही. एमआरसीपी पित्तनलिकांचा नकाशा देतं, चरबीचे टक्के देत नाही. दात्याला दोन्ही लागतात, म्हणून एकाच बैठकीत दोन्ही करून घ्यावेत.

चिठ्ठीवर हे हवं: लिव्हर फॅट क्वांटिफिकेशन, पीडीएफएफ, मल्टी-एको डिक्सन. मशीनच्या कंपनीप्रमाणे त्याची नावं वेगळी असतात, जसं आयडियल आयक्यू, लिव्हरलॅब किंवा एमडिक्सन क्वांट. वेळ घेण्याआधी फोन करून विचारा की मशीनवर ही सोय चालू आहे का. मशीन नवं असलं तरी सॉफ्टवेअर घेतलेलं नसतं, असं होतं.

सोय नसेल तर साधी इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज जोडी मिळते. दोन फोटो शेजारी ठेवले की चरबी असलेलं लिव्हर आउट-ऑफ-फेजमध्ये काळं पडतं. लोह साठलेलं असेल तर उलट, इन-फेजमध्ये काळं पडतं. दोन्ही एकाच लिव्हरमध्ये असतील तर एकमेकांना खोडून काढतात आणि फोटो बिनघोर नॉर्मल दिसतो. म्हणून दात्यासाठी या जोडीवर थांबू नये. वरच्या मल्टी-एको, म्हणजे सहा एकोंच्या पद्धतीत लोहाचा परिणाम हिशेबात धरून दुरुस्त केलेला असतो.

जाताना: मंगळसूत्र, जोडवी, पदराची सेफ्टी पिन, घड्याळ, कार्ड बाहेर ठेवा. शरीरात पेसमेकर, क्लिप, कानातलं यंत्र किंवा वेल्डिंगच्या कामात डोळ्यात गेलेला धातूचा कण, यातलं काहीही असेल तर आधी सांगा. चरबी मोजायला इंजेक्शन लागत नाही. श्वास मात्र पंधरा-वीस सेकंद रोखावा लागतो. घरी घड्याळ लावून चार-पाचदा सराव करा, तोही श्वास सोडून थांबायचा. श्वास हलला तर फोटो हलतो आणि गोल शेजारच्या चरबीत घसरतो.

### टक्क्यांची सर्वांत मोठी चूक

पीडीएफएफ आणि बायोप्सी, दोघांचे आकडे टक्क्यांत येतात. म्हणून लोक, आणि कधीकधी डॉक्टरही, ते एकच समजतात. लिटर आणि किलोची बेरीज करण्यासारखंच ते आहे.

बायोप्सीत १०० पेशींपैकी किती पेशींत चरबीचा थेंब दिसतो ते मोजतात. पीडीएफएफमध्ये एमआरआयला लिव्हरमधून मिळणाऱ्या एकूण सिग्नलमध्ये चरबीचा वाटा किती ते मोजतात. एखाद्या पेशीत छोटा थेंब असला तरी बायोप्सीत ती अख्खी पेशी धरली जाते. त्यामुळे पीडीएफएफचा आकडा बायोप्सीच्या आकड्यापेक्षा बराच लहान येतो. साधारण ५ टक्क्यांच्या खाली पीडीएफएफ नॉर्मल. पीडीएफएफ १६-१७ च्या आसपास पोहोचला की बायोप्सीत एक तृतीयांश पेशी चरबीच्या निघण्याची शक्यता असते, आणि २२ च्या आसपास दोन तृतीयांश.

आता पाहा. '३० टक्क्यांच्या वर असेल तर दाता नको' हा नियम बायोप्सीच्या टक्क्यांचा आहे. एमआरआयच्या रिपोर्टात १८ टक्के आले आणि 'तीसच्या आत आहे, चालेल' असं म्हटलं तर तो निर्णय धोक्याचा आहे. उलट ६ टक्के पाहून रडारड करायचंही कारण नाही.

> तपासून घ्या: रिपोर्टात पीडीएफएफ किती भागांतून मोजला ते लिहिलेलं असावं. नुसती एक सरासरी असेल तर सेगमेंटनिहाय आकडे मागा.

## टप्पा ६: आकारमानाशी जुळवणी

चरबीचा आकडा एकटा वाचायचा नसतो. समजा, दात्याचं लिव्हर १,२०० मिली आहे. उजवा भाग ७८०, डावा ४२०. म्हणजे दात्याकडे ३५ टक्के उरणार. रुग्णाचं वजन ७० किलो. त्याला वजनाच्या किमान ०.८ टक्के, म्हणजे ५६० ग्रॅमच्या आसपास लिव्हर हवं. रुग्णाला भरपूर मिळतंय.

दात्याकडे उरणारा भाग ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत, आणि चरबी असेल तर ३५ च्या आसपास राखतात. म्हणून चरबी नसती तर वरचा हिशेब आरामात बसला असता, हलक्या चरबीनं तो काठावर येतो. डाव्या भागाचा विचार किंवा दुसरा दाता, ही चर्चा इथे सुरू होते. सीटीवर मोजलेलं आकारमान प्रत्यक्ष वजनापेक्षा थोडं जास्त निघतं, कारण जिवंत लिव्हरमध्ये रक्तही असतं. काठावरच्या केसमध्ये हे विसरलं जातं.

## टप्पा ७: बायोप्सी, लागलीच तर

सगळे आकडे एका दिशेनं बोलत असतील तर बहुतेक वेळा सुई लागत नाही. सीटी स्वच्छ म्हणतो आणि एमआरआय १२ टक्के दाखवतो, एसजीपीटी कारणाशिवाय वाढलेलं आहे, कडकपणा जास्त आहे, अशा वेळी ती मागतात. सुईतून लिव्हरचा अगदी नगण्य भाग येतो, साधारण पन्नास हजारांतला एक. म्हणून तिच्या टक्क्यांनाही देववाणी मानू नका. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, काही तास पडून राहावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि ॲस्पिरिनबद्दल आधी सांगा.

रिपोर्टात मोठ्या थेंबांची आणि बारीक थेंबांची चरबी वेगळी लिहिलेली हवी. दात्याच्या निर्णयात मुख्यतः मोठ्या थेंबांची मोजली जाते. सूज किंवा व्रण लिहिलेले असतील तर टक्के कमी असूनही नकार येऊ शकतो.

## टप्पा ८: चरबी निघाली, तर पुढचे काही आठवडे

हलकी चरबी आणि रुग्णाकडे थोडी सवड, एवढं असेल तर बऱ्याच दात्यांना वजन उतरवून परत बोलावतात. फेरतपासणी सहसा चार ते आठ आठवड्यांनी होते. रुग्णाला तेवढा वेळ आहे का, हे टीमला स्पष्ट विचारा. नसेल तर समांतर दुसऱ्या दात्याची तपासणी सुरू ठेवा.

खाण्याचा तक्ता आहारतज्ज्ञाकडून घ्या, शेजारच्या काकूंकडून नको. पण आपल्या गावाचे चोर दरवाजे मात्र आपणच ओळखायचे. सकाळी पोहे एक वाटी चालतील, त्यावरची मूठभर शेव आणि शेजारची जलेबी नाही. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात 'फक्त फिरायला' जाणं बंद, थंडीत तळलेले गराडू (कंदाचे तुकडे) तर नकोतच. उपासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाटा यांत रोजच्या जेवणापेक्षा जास्त उष्मांक जातात, म्हणून या काळात उपास नको म्हटलं तर आजींनी रागावू नये. सरबत, कोल्ड्रिंक आणि पाकिटातला रसही बंद, कारण साखर लिव्हरमध्ये चरबी बनवते. दारू शून्य. रोज चालणं, आणि पुरेशी प्रथिनं.

> इशारा: आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगानं वजन उतरवू नका. फार झपाट्यानं उतरवलं तर लिव्हरमध्ये सूज वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात. लिव्हर साफ करणारी चूर्णं, काढे आणि जिममधल्या चरबी जाळणाऱ्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांतल्या काहींनी लिव्हरलाच इजा होते, आणि मग दाता कायमचा बाद होऊ शकतो.

फेरतपासणी एमआरआयनंच करा. तिच्यात किरणं नाहीत, म्हणून चरबीसाठी सीटी पुन्हा करायची गरज पडत नाही. पहिला एमआरआय ज्या मशीनवर आणि ज्या पद्धतीनं झाला, दुसराही तिथेच आणि तसाच. आधी एका सेंटरमध्ये कॅप आणि नंतर दुसरीकडे पीडीएफएफ काढला, तर सुधारणा झाली की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही.

आकडा खाली आला की तक्ता सोडायचा नसतो. शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली गेली, मध्ये एखादं लग्न आलं, वजन परत दोन-तीन किलो चढलं, तर कुणी विचारायची वाट न पाहता टीमला कळवा आणि पीडीएफएफ पुन्हा काढून घ्या. जुना चांगला रिपोर्ट दाखवून ऑपरेशन टेबलापर्यंत जाता येतं, पण पोट उघडल्यावर सर्जनला लिव्हर पिवळसर आणि फुगलेल्या कडांचं दिसलं तर तो तिथेच थांबून टाके घालू शकतो.